भैरोबाची घोंगडी आणि शेजारची खाट

मला प्लेगची गाठ आली तेव्हा माझ्या झोळीत गाठीवरचीच पत्रकं होती. मीच लिहिलेली, भोरला छापून आणलेली. अर्धी वाटून झाली होती. उरलेल्यांची उशी करून मी बैलगाडीत पडलो होतो, आणि चाकाखाली दगड आला की कागदांची कड मानेत रुतत होती.

कुणी हळहळावं म्हणून हे लिहीत नाही. यंदाही कुठल्या ना कुठल्या गावात उंदीर पडतील, तिथली माणसं माळावर झोपड्या घालतील आणि म्हणतील, आता सुटलो. त्यांच्यासाठी लिहितोय. औषधांची नावं यात सापडायची नाहीत, ती डॉक्टर सांगेल. मी जे सांगणार आहे ते डॉक्टरला सांगता येणार नाही, कारण तो आमच्या गावात कधी राहिलेला नाही.

उंदीर पडले

आमचं गाव वेल्ह्याच्या खोऱ्यात, तोरण्याच्या अंगाला. भाताचं गाव. घरं अशी की पुढं बैल, मागं माणसं, वर माळ्यावर भाताच्या कणग्या आणि कणग्यांखाली उंदीर. सगळे एका छपराखाली. झोप लागता लागता बैलाचा श्वास, पोराचा श्वास आणि वरची खुडबुड एकात एक मिसळून जायची. जनावरापासून माणसाला रोग लागतो असं इथं येऊन सांगणारा माणूस वेडाच ठरायचा. तो वेडा मी होतो.

त्या साली भात झोडून घरात आलं आणि उंदीर पडू लागले. ही गोष्ट आमच्याकडे मोठ्यानं बोलत नाहीत. ज्याच्या घरात पहिला उंदीर पडला त्याच्यामुळं गाव उठलं, सगळ्यांना घरंदारं सोडावी लागली, असा बोल लागतो. म्हणून जो तो मेलेला उंदीर शेणाच्या पाटीत घालतो आणि उकिरड्यात पुरतो. आमच्या पाटीलबाबांनीही पुरले. मी ते उकरले आणि चावडीपुढं ओळीनं मांडले.

पाटीलबाबा माझ्या वडलांच्या वयाचे. माझे वडील असते तर त्यांनीही असंच केलं असतं, एवढं मला ठाऊक होतं. ते खाली वाकून बघत म्हणाले, "इष्णू, ही उंदरांची मयत काढलीस का गावाची?"

"माणसांची निघू नये म्हणून काढली."

"लई शिकलास." एवढं बोलून त्यांनी धोतराचा सोगा नाकाला लावला आणि गाव उठवायची दवंडी द्यायला सांगितली. माझ्यावर ते रागावले होते, पण दवंडी दिली. ते इथं नोंदवून ठेवतो.

सरकारी कागद आमच्या गावात आधीच आले होते. त्यांत 'मूषक' असं छापलं होतं. आमच्या गावात मूषक कुणी पाहिलेला नव्हता. मी माझ्या पत्रकात सरळ लिहिलं: उंदीर मरतो, त्याच्या अंगावरची पिसू उपाशी राहते, ती माणसाला चावते, माणसाला गाठ येते. घर सोडा. टोचून घ्या.

"पिसवा काय आज चावाय लागल्या व्हय?" धोंडीबा मला सगळ्यांदेखत विचारायचा. धोंडीबा म्हणजे गावचा थट्टेखोर, मयतीलासुद्धा दोघा-तिघांना हसवून येणारा. "माझ्या आज्याला जल्मभर चावल्या. त्यो गेला त्यो बैलानं शिंग मारलं म्हनून. तुझ्या कागदात बैल घाल की."

टोचून घेतलं ते मी आणि मुंबईच्या गिरणीतून सुटीवर आलेल्या चार जणांनी. आईला म्हटलं तर ती म्हणाली, आधी आक्काला टोच. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गावातच दिलेली. दाजी मुंबईला. पदरात तानी, अंगावर पिणारी. आक्का म्हणाली, "मला ताप आला तर हिला कोण पाजंल? तू?" याला माझ्या पत्रकात उत्तर नव्हतं.

घोंगडीची पाळी

गाव उठलं, माळावर झोपड्यांची ओळ पडली. ज्या क्रमानं आळीत घरं, त्याच क्रमानं झोपड्या. भांडणंसुद्धा तशीच शेजारी शेजारी मांडली गेली. आई लेकराचं बघायला आक्काच्या झोपडीत राहिली. मी त्यांच्या अलीकडच्या झोपडीत एकटा.

पण गाव उठलं तरी भैरोबा उठत नाही. त्याच्यापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, अशी आमची पूर्वापार चाल. गाव रिकामं असतं तेव्हा माळावरून कुणीतरी रोज दिवस कलताना गावात जायचं, दिव्यात तेल घालायचं आणि परत यायचं. एकट्यानं. बोलायचं नाही. आणि जाताना अंगावर भैरोबाची घोंगडी घ्यायची.

ही घोंगडी वर्षभर गाभाऱ्यात देवामागं घडी करून ठेवलेली असते. काळी, जाड, धनगरांनी विणून वाहिलेली. गाव उठलं की ती बाहेर निघते आणि पाळीनं घरोघर फिरते. एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत एका घराची पाळी. ज्या घरात पुरुष नाही तिथं बाईनं जायचं. घोंगडी ज्या झोपडीत असते तिथं गाठ येत नाही, असं सगळे मानत. म्हणून पाळी आली की आधी लेकरांना तिच्यात गुंडाळून निजवायचे. माळावर थंडी फार. त्या घोंगडीची वाट बघत असत.

सुरुवातीला दिवा सखाराम गुरव लावत होता, त्याचं कामच ते. त्याला गाठ आली आणि तो गेला. मग पाळी सुरू झाली. ओळीतली पहिली झोपडी पांडूची. पांडूचा पोरगा गेला आणि पांडूला गाडीत घालून नेलं. पुढची धोंडीबाची. धोंडीबाची पोरं नसरापूरला मामाकडं होती, तो एकटाच होता. पाळी संपता संपता तोही गाडीत गेला. जाताना म्हणाला, "इष्णू, पिसवानं न्हाई रं, तुझ्या कागदानं चावलं मला."

माळावर मग कुणी मोठ्यानं बोलेना. पाटीलबाबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "भैरोबा घरं मोजतोय."

"उंदरांचं काम आहे हे."

"उंदीर? हितं? दाव की एक. म्या तुझ्या पाया पडतो."

मी दाखवू शकलो नाही. प्रत्येक झोपडीच्या मागं, सरपणाच्या ढिगात, भाताच्या पोत्यांखाली शोधलं. उंदीर सोडा, लेंडीसुद्धा सापडली नाही. माळ स्वच्छ होता आणि माणसं ओळीनं पडत होती. कुणीतरी खरंच झोपड्यांपुढनं चालत येतंय आणि एकेका दारात थांबतंय, असं तेव्हा मला वाटायला लागलं होतं. पत्रकं वाटणाऱ्याला असं वाटलं तर तो कुणाला सांगणार?

पुढची झोपडी माझी. घोंगडी माझ्या दारात आणून टाकली. कुणी विचारील, तू शहाणा ना, मग घेतलीस कशाला? घेतली. पाळी टाळली असती तर त्या माळावर माझा शब्द पुन्हा कुणी ऐकला नसता. शिवाय ती वर्षभर गुरवाच्या धुपात राहिलेली, तिच्यात काय राहणार, असंही वाटलं.

रिकाम्या गावात

आपल्याच गावात आपण परके म्हणून शिरतो तेव्हा काय होतं, ते मला सांगता येईल असं वाटत नाही. दारांना बोरीच्या फांद्या लावलेल्या. सोप्यात दावी पडलेली, त्यांना बैल नाहीत. उन्हाची शेवटची तिरीप भिंतींवर होती आणि रस्त्यावर धुळीत पावलांची एकच ओळ होती. जाणारी आणि येणारी. आधी गुरवाची, मग पांडूची, मग धोंडीबाची, आता तिच्यावर माझी. एकाच माणसानं इतके दिवस येरझाऱ्या घातल्यासारखी.

चिमणी नव्हती. मांजर नव्हतं. आमच्या घरावरून जाताना मी आत पाहिलं नाही.

देवळाच्या पायरीवर एक उंदीर बसला होता. उजेडात, उघड्यावर. मी पुढं गेलो, तो पळाला नाही. तो माझ्याकडं यायला लागला. दारू प्यालेला माणूस उतारावर चालतो तसा. माझ्या पायाशी येऊन त्यानं स्वतःभोवती एक गिरकी घेतली, दुसरी घेतली आणि आडवा झाला. मला वाटतं मी त्याच्याशी काहीतरी बोललो.

गाभाऱ्यात नव्या भाताची रास होती. दरसाल पहिलं भात देवाला घालतात, यंदाही घातलं होतं, आणि गाव उठताना सगळ्यांनी आपापलं धान्य उचललं तरी देवाचं तिथंच ठेवलं होतं. रास मधोमध खचली होती. तिच्या कडेनं मेलेले उंदीर पडले होते, काही वाळलेले, काही नुकते. गावातलं सगळं धान्य गेल्यावर गावातले सगळे उंदीर देवाकडं आले होते. घोंगडीची जागा त्या राशीला लागून होती. तिच्या घडीचा चौकोन धुळीत अजून स्वच्छ दिसत होता.

मी तेल घातलं आणि निघालो. घोंगडी खांद्यावर उबदार होती. नुकतीच कुणी अंगावरून काढून द्यावी तशी.

गाठ

पाळी संपत आली असताना सकाळी उठलो तर माळ हलत होता. डोकं बांधून टाकावं असं दुखत होतं. भाकरी तोंडात फिरेना. जांघेत हात गेला आणि तिथंच थांबला. लिंबाएवढी, दगडासारखी, हात लावला की डोळ्यांपुढं अंधारी.

माणसाला आपलं मरण कळतं तेव्हा तो मोठं काहीतरी बोलत असेल असं मला वाटायचं. मी घोंगडी काढली, दारातल्या मेढीला टांगली आणि आत येऊन पत्रकं मोजत बसलो. ती सारखी चुकत होती.

कंबरेभोवती पट्टाभर चावे होते. लाल, ओळीनं. ते मी पाहिले, खाजवले आणि त्यांचा अर्थ मला कळला नाही. ताप चढला की अक्षरं ओळखू येतात, शब्द लागत नाहीत.

छप्पर

नसरापूर सोडल्यावर उघड्या माळावर आजाऱ्यांसाठी बांबूच्या तट्ट्यांचं एक छप्पर घातलं होतं. खाटांची एक ओळ, पेंढा, कोपऱ्यात चुन्याची बादली. सभोवती कूड, आणि कुडापलीकडून घरच्यांनी बोलायचं. पाणी एका मडक्यात. मारुती नावाचा एक माणूस सगळ्यांचं सगळं करायचा: पेज, मलमूत्र, गाठीवर पोटीस, आणि लागलं तर खांदा. डॉक्टर पुण्याहून आलेला, तरुण, नाकावर रुमाल. माणूस वाईट नव्हता. टोचलेलं ऐकून म्हणाला, "तुम्ही वाचाल बहुतेक." तो 'बहुतेक' मी पुष्कळ दिवस चघळला.

माझ्या एका हाताला धोंडीबा होता. दुसऱ्या हाताची खाट रिकामी.

"आलास?" धोंडीबा म्हणाला. त्याचा आवाज कण्हल्यासारखा, पण स्वभाव तोच. "म्या जागा धरली व्हती तुझी."

त्याच्या पलीकडं पांडू, भिंतीकडं तोंड करून. पोरगा गेल्यापासून तो बोलत नव्हता. पांडूच्या पलीकडची खाट उभी करून ठेवली होती. तिच्यावर गुरव गेला.

पेज वाढताना मारुती एका टोकापासून येई आणि धोंडीबा एकदा म्हणाला, "बघ की रं. हितं बी तसंच बसलोय. गुरव, पांडू, मी, तू. माळावर झोपड्या तशा. गावात घरं तशी. देवानं पंगत उठवली न् जशीच्या तशी हितं मांडली."

तो हसायला लागला आणि हसता हसता खोकला. माझा ताप त्या वेळी उतरला होता की वाढला होता मला माहीत नाही. पण ती ओळ मी पुन्हा एकदा बोटांवर मोजली. मी त्याच्याकडं वळलो.

"धोंडीबा, घोंगडी पांघरून झोपायचास?"

"न्हाईतर काय. लई ऊब. लगीन झाल्यापासनं येवढी ऊब न्हाई मिळाली."

"कंबरेला बघ. चावे हायेत?"

त्यानं सदरा वर केला. लाल पट्टा, माझ्यासारखाच.

उंदीर माळावर आलाच नव्हता. त्याला यायची गरज नव्हती. तो देवळात मरत होता आणि त्याच्या अंगावरचं आम्ही रोज पांघरून माळावर आणत होतो, एकेका झोपडीत बाजारभर ठेवत होतो आणि लेकरांच्या अंगावर घालत होतो. भैरोबा घरं मोजत नव्हता. आम्हीच पाळी लावली होती.

आणि माझ्या पुढची झोपडी आक्काची होती.

त्याच दुपारी मारुती शेजारच्या रिकाम्या खाटेवर नवा पेंढा पसरायला लागला. मी विचारलं, "कुणाला?"

"कुनाला म्हंजे? तुमच्या गावचं येक येतंच की दर बाजाराला. सायब म्हनलं, आधीच करून ठिव."

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही आणि माफही केलेलं नाही. दर बाजाराला आमच्या गावचं एक माणूस येतं एवढं ज्यांना कळलं होतं, त्यांना ते का येतं हे बघायला आमच्या गावापर्यंत यावंसं वाटलं नाही. खाट तयार ठेवावीशी वाटली.

कुडापलीकडं

आई दुसऱ्या दिवशी आली. चालत. कुडाच्या फटीतून मला तिचा एक डोळा आणि नथीची जागा दिसत होती. नथ तिनं वडील गेल्यावर काढली, भोक तसंच आहे. तिनं फटीतून मला खालवर न्याहाळलं. मग म्हणाली, "ज्येवलास?"

"आये, घोंगडी कुठाय?"

"तुझ्या मेढीलाच हाय. उंद्या बाजार. उंद्या आक्काकडं जाईल."

"जाऊ द्यायची नाही. जाळ ती."

तिनं कानांवर हात ठेवलेले मला कुडातून दिसले. "द्येवाची हाय, इष्णू."

"तिच्यात पिसवा हायेत. देवळात मेलेल्या उंदरांच्या. गुरव तिनं गेला. पांडूचं पोर तिनं गेलं. मी तिनं आलोय हितं."

"तानीला कालधरनं खोकला हाय," आई म्हणाली. "आक्का म्हंती, घोंगडी आली की हिला गुंडाळते."

मला कुडाला हात लावायची बंदी होती. मी लावला. काय बोललो ते पत्रकासारखं नव्हतं. हात लावू नको, काठीनं धर, लांब धर, जाळायची नसेल तर खळखळ उकळत्या पाण्यात घाल, पोराजवळ नेऊ नको, असं एकात एक.

"द्येवाला उकळू?"

"पिसवाला उकळ."

तिनं पदर खोचला. मग फडक्यातली भाकरी कुडाखालून सरकवली आणि निघाली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. कापूरव्होळच्या बाजूनं ढग जमले होते आणि त्या उघड्या रस्त्यावर ती लहान होत गेली. आई भैरोबाला विचारल्याशिवाय भाताची पहिली लोंबी तोडत नाही. तिच्या हातात मी काय दिलं होतं ते मला ठाऊक होतं.

वाट

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तापात मला घोंगडी दिसायची. ती आपली आपण झोपड्यांच्या ओळीपुढनं जायची, आत कुणी नसताना, खांद्यांचा आकार धरून. एका दारापाशी थांबायची. आतून लेकराचा खोकला यायचा.

शुद्धीत असलो की त्याहून वाईट. तिसऱ्या प्रहरी रस्त्यावर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की मी कोपरावर उठून कान द्यायचो. गाडी थांबते की पुढं जाते? भोंगवलीकडची गाडी आली. वरव्याची एक म्हातारी आली. त्यांना दुसऱ्या बाजूच्या खाटा दिल्या. माझ्या शेजारची तशीच. मारुती येता जाता तिच्यावरचा पेंढा सारखा करायचा.

धोंडीबा एका सकाळी पेज आली तेव्हा उठला नाही. आदल्या दिवशी मला म्हणाला होता, "तुझं खरं निघालं तर मला सांगू नगंस. लई बडबडलोय म्या तुला." त्याला नेताना पांडू पहिल्यांदा भिंतीकडून वळला आणि त्याच्याकडं बघत राहिला. माझ्याकडं बघून म्हणाला, "घोंगडी मीच घातली पोराच्या अंगावर." पुन्हा वळला.

गाठ पिकली, डॉक्टरनं फोडली. ती दुखण्याची गोष्ट मी सांगत नाही. फुटल्यावर पहिल्यांदा भूक लागली आणि मारुतीनं पेजेत मीठ जास्त घातलं. तेवढ्यानं मला रडू आलं. अशा आजारात माणूस खारट पेजेवर जगतो, हेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

एक बाजार गेला. दुसरा गेला. खाट रिकामीच होती. पण गाडीचा खर्च नको म्हणून माळावरच ठेवलं असेल, लपवलं असेल, पाटीलबाबांना उंदीर पुरायची सवयच आहे, असं मनात यायचं.

आक्का

मला सोडायचं ठरलं त्या दिवशी कुडाच्या दारात आक्का उभी होती. कडेवर तानी, नाक वाहणारी, हातात भाकरीचा तुकडा. मागं रस्त्यावर गाडी आणि गाडीत आई, पाठ करून बसलेली.

"आत येऊ का?" आक्का म्हणाली. "तुझ्या डागदरनं टोचलंय आता मला. हात बघ कसा सुजलाय. आयेनं न्हाई घेतलं."

सगळं तिनंच सांगितलं. आई इथून परतली आणि कुणाशी न बोलता घुंगुरकाठी घेऊन माझ्या झोपडीकडं गेली. काठीच्या टोकानं घोंगडी उचलली आणि झोपड्यांच्या ओळीपुढनं घेऊन निघाली, मेलेला साप नेतात तशी, लांब धरून. माणसं बाहेर आली. पाटीलबाबा आडवे आले.

"म्हातारे, द्येवाला काठीवर टांगलंस?"

"द्येवाला इचारलंय म्या," आई म्हणाली.

"मग काय म्हनला?"

"त्यो गप बसला. माझा पोरगा बोलला."

गावजेवणाचा मोठा हंडा माळावर होता. आईनं तो चुलाण्यावर चढवला, आक्कानं लाकडं दिली. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. पाणी खळखळल्यावर आईनं घोंगडी काठीनं आत दाबली.

"मग?"

आक्कानं तानीचं नाक पुसलं. "मग वर आलं. काळं काळं. मोहरी उतू आल्यागत. समद्यांनी बघितलं. पाटीलबाबांनी वाकून बघितलं न् झोपडीत गेले. मग तुझा डागदर माळावर टोचाय आला तवा शेवटी हात त्येंनीच फुडं केला. दुसरीकडं बघत."

माळावर त्यानंतर कुणी पडलं नव्हतं.

"आणि दिवा?" मी विचारलं. मला वाटलं होतं, दिवा तरी सुटला असेल.

"लावला की. रोज. आये जाती. ऊन हाय तवर, पायाला घासलेट चोळून. अंगावर काय बी न घेता."

तिथं, त्या राशीपाशी, आई. न टोचलेली. मी म्हणालो की मी एवढं सांगितल्यावर ती पुन्हा त्या देवळात जाते म्हणजे काय.

"म्या बी तेच बोलले," आक्का म्हणाली. "तर म्हंती, त्येच्या कागदात उंदीर हाय, पिसू हाय. गावात अंधार झाला तर माणसं भ्यानं मरतील, त्येचं काय करायचं ते न्हाई लिवलं त्येनं."

ते मी आता लिहिलं आहे. पत्रकाच्या नव्या छपाईत शेवटी तीन ओळी आहेत: दिवा लावायचाच असेल तर माळावरूनच गावाकडं तोंड करून लावा. देवाचं भात देवाजवळ ठेवू नका. पांघरूण एकाचं दुसऱ्याला देऊ नका, देवाचं असलं तरी, उकळल्याशिवाय. आई म्हणते, पहिली ओळ चुकीची आहे, माळावरचा दिवा गावात दिसत नाही. यावर आमचं अजून भांडण आहे. तिनं टोचून मात्र घेतलं, माझ्यादेखत, त्याच दिवशी, गाडीत बसल्या बसल्या.

एवढं सांगून आक्का दमली. तानीला मांडीवर घेत ती शेजारच्या खाटेवर टेकली. पेंढा करकरला.

"ऊठ तिथनं," मी म्हणालो.

"का रं?"

"ऊठ म्हणतो ना."

तिनं पेंढ्याखाली हात घालून पाहिलं. "हितं उंदीर हाय?"

"नाही."

"पिसवा?"

"नाही. नवा पेंढा आहे. कुणी निजलेलं नाही."

"मग तुझ्या कागदात खाट लिवलीया का?"

लिहिली नव्हती. पांडू भिंतीकडून वळून आमच्याकडं बघत होता. आक्का हसली, पण उठली. तानीला कडेवर घेतलं, माझी झोळी दुसऱ्या खांद्याला लावली आणि पुढं झाली.

मी दारापर्यंत गेलो आणि मागं पाहिलं. आक्का बसली होती तिथं पेंढ्यात खळगा पडला होता. मी परत गेलो, तो हातानं सपाट केला, आणि मग गाडीकडं निघालो.